लिमिट लावलंय, तरी नेट अडकतंच: मायक्रोटिकवर परत परत येणारी तक्रार

अभ्यासिका, हॉस्टेल किंवा वीस-पंचवीस माणसांचं ऑफिस. लाइन १०० एमबीपीएसची. मायक्रोटिक कंपनीचा राऊटर बसवलेला, त्याच्या सिंपल क्यूमध्ये (वेग बांधून देणाऱ्या रांगेत) प्रत्येकाला ४ एमबीपीएसचं लिमिट. सुरुवातीला सगळे खूश. मग फोन येतो, "दादा, लेक्चर परत अडकतंय." जाऊन बघावं तर क्यू जागच्या जागी, आकडे बरोबर, दिवे व्यवस्थित लुकलुकतायत. रीस्टार्ट केला की तासभर सुरळीत. मग परत तेच.

यावर बहुतेक जण आकडा खाली आणतात. चारचे तीन, तीनचे दोन. पोरं वैतागतात आणि अडकणं काही थांबत नाही, कारण दोष आकड्यात नसतोच. रांग तुमच्या राऊटरमध्ये लागत असेल तरच तुमच्या लिमिटला अर्थ आहे. ती नेट देणाऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये, ओएनटीमध्ये (फायबर येऊन जोडली जाते तो कंपनीचा डबा) किंवा वाय-फायवर लागत असेल, तर क्यूच्या खिडकीत काहीही लिहा, फरक शून्य. त्यामुळे खालची सगळी शोधाशोध एकाच प्रश्नाची आहे: रांग लागतेय कुठे?

(रीस्टार्टनंतर बरं का वाटतं? सगळ्यांची कनेक्शनं तुटतात, मोठे अपलोड आणि बॅकअप बंद पडतात आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतात. एवढंच. राऊटर "थकलेला" वगैरे नसतो.)

हात लावायच्या आधी मोजा

लॅपटॉप वायरने जोडा. दोन खिडक्या उघडा. एकीत राऊटरलाच सतत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) लावा, मायक्रोटिकचा मूळ पत्ता १९२.१६८.८८.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. लाइन मोकळी असताना पहिल्या खिडकीत १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी दिसायला हवं आणि दुसरीत फायबरवर साधारण ५ ते २०. आता दुसऱ्या एखाद्या मशीनवरून दोन-तीन जीबीची व्हिडिओ फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा. अपलोड मुद्दाम सांगतोय. डाउनलोड सगळे तपासतात, आणि लाइन गुदमरते ती बऱ्याचदा अपलोडने.

आता आकडे बघत बसा. दुसऱ्या खिडकीत १२, १४, ११ असं चाललेलं अचानक ९०, २४०, ४१० होऊ लागलं आणि पहिली खिडकी १ वरच राहिली, तर रांग तुमच्या राऊटरच्या पलीकडे कुठेतरी लागतेय, किंवा तुमच्याच राऊटरच्या एखाद्या क्यूत, जिची साठवण नको तेवढी लांब आहे. दोन्हीतलं कुठलं, हे विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग करायचा प्रोग्राम) इंटरफेसच्या यादीत वॅन पोर्टवरचा, म्हणजे लाइन येते त्या पोर्टवरचा, वेग बघून कळतं. लाइन खरोखर देते तेवढाच वेग तिथे चालू असेल, तर तुमचं एकूण लिमिट लाइनपेक्षा वर आहे. लिमिटपाशीच वेग अडलाय आणि पिंग तरी चढलंय, तर साठवण तुमच्याकडची. आणि वॅनवर जेमतेम २०-३० एमबीपीएस असताना पिंग चारशेवर गेलं, तर मामला वेगळाच. त्याकडे नंतर येतो.

कधी पिंग अजिबात वाढत नाही, पण मधूनमधून "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येतं. ही कंपनीकडच्या पोलिसिंगची खूण असू शकते. शेपिंगमध्ये जादा पॅकेट रांगेत थांबवतात, पोलिसिंगमध्ये सरळ फेकून देतात. रांग नाही म्हणून उशीर नाही, पण पॅकेट गळतात आणि व्हिडिओ कॉलवरचा माणूस तुटक बोलायला लागतो.

मोबाइल वाय-फायला जोडून त्यावरून राऊटरलाच पिंग केलं आणि तेच १ वरून २०० वर गेलं, तर इथलं पुढचं वाचून उपयोग नाही. रांग हवेत आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११, आणि पेठेतल्या एखाद्या जुन्या इमारतीत त्या तिघांवर मिळून चाळीस वाय-फाय ओरडत असतात. ५ गिगाहर्ट्झवर जा, एका जागी एका ॲक्सेस पॉइंटऐवजी दोन लावा. शेपिंग तिथे काही करू शकत नाही.

पहिला संशयित: फास्टट्रॅक

क्यूजच्या यादीत सिंपल क्यूच्या प्रत्येक ओळीला एक रंगीत खूण असते. वापर लिमिटच्या निम्म्यापर्यंत असला की हिरवी, पाऊणपर्यंत पिवळी, त्यावर लाल. एखाद्याचं मोठं डाउनलोड चालू करून त्याच्या ओळीकडे बघा. तिकडे मशीनवर ६० एमबीपीएसने फाइल उतरतेय आणि इकडे खूण हिरवीगार, आकडा काही किलोबिटांत. म्हणजे पॅकेटं या क्यूतून जातच नाहीत.

फास्टट्रॅक राऊटर-ओएसमध्ये (मायक्रोटिकची सिस्टिम) ६.२९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. जुळलेल्या कनेक्शनची पॅकेटं फायरवॉल, मँगल (पॅकेटांना खुणा लावणारा भाग), सिंपल क्यू या सगळ्यांना बगल देऊन थेट पुढे ढकलायची, म्हणजे स्वस्तातला राऊटरही जास्त वेग ओढतो. घरगुती वापराला उत्तम. पण हा नियम डिफॉल्ट कॉन्फिगरेशनमध्येच असतो आणि तो चालू असताना लावलेली सिंपल क्यू म्हणजे कागदावरची क्यू. वर फसवणूक अशी, की फास्टट्रॅकमध्येही काही पॅकेटं अधूनमधून नेहमीच्या रस्त्याने जातात. त्यामुळे क्यूचा आकडा ठार शून्य दिसत नाही, थोडासा हलत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, "चालतंय की."

आयपीमध्ये फायरवॉल, त्यात फिल्टर रूल्स. फॉरवर्ड साखळीत "फास्टट्रॅक कनेक्शन" असा ॲक्शन असलेला नियम शोधा आणि बंद करा. पुसू नका, नुसता बंद करा. त्याच्या खालचा, एस्टॅब्लिश्ड-रिलेटेडला ॲक्सेप्ट करणारा नियम मात्र राहू द्या. तो उडवला आणि खाली सगळं अडवणारा नियम असेल तर नेटच बंद होईल. मग राऊटर एकदा रीस्टार्ट करा, कारण आधीच फास्टट्रॅक झालेली कनेक्शनं तुटेपर्यंत त्याच रस्त्याने धावत राहतात. पुष्कळ लोक इथेच फसतात: नियम बंद करतात, लगेच तपासतात, फरक दिसत नाही, म्हणून "हे कारण नाही" म्हणून नियम परत चालू करून टाकतात.

हा दोष परत का येतो? कुणीतरी राऊटर रीसेट करतं. तुमच्याकडे क्यूंची स्क्रिप्ट जपून ठेवलेली असते, ती पेस्ट केली की क्यू जशाच्या तशा येतात. फायरवॉल मात्र डिफॉल्टमधून आलेली असते, फास्टट्रॅकसकट. म्हणून त्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत हा नियम बंद करण्याची आज्ञा घालून ठेवा.

फास्टट्रॅक काढल्यावर प्रोसेसरवर ताण येतो. टूल्समधलं प्रोफाइल उघडून गर्दीच्या वेळी बघा. प्रोसेसर सतत नव्वदच्या वर असेल तर तो राऊटर त्या लाइनला पुरा पडत नाही, आणि मग रांग प्रोसेसरपाशी लागते, म्हणजे सगळ्यात वाईट जागी. दुसरा मार्ग आहे: फास्टट्रॅक चालू ठेवून क्यू ट्री (क्यूंची झाडासारखी दुसरी मांडणी) थेट इंटरफेसला जोडायची. ग्लोबलला जोडलेली ट्री फास्टट्रॅकमध्ये वगळली जाते, इंटरफेसला जोडलेली नाही. पण मँगलच्या खुणा मिळणार नाहीत. शिवाय वॅनच्या बाजूला पॅकेट पोचेपर्यंत एनएटी होऊन गेलेलं असतं, सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, आणि माणशी वाटप अपलोडला जमत नाही. माझं मत विचाराल तर जरा वरचा राऊटर घ्या आणि फास्टट्रॅक काढा.

हे दुखणं एकट्या मायक्रोटिकचं नाही. ओपन-डब्ल्यूआरटीवर (राऊटरांसाठीची मुक्त सिस्टिम) हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू ठेवून एसक्यूएम (तिथली शेपिंगची सोय) लावलं तरी हेच होतं. घरगुती राऊटरांवर त्याला हार्डवेअर एनएटी किंवा तसंच काही नाव असतं. नाव कुठलंही असो, वेगासाठी आडवाट काढली की क्यू वगळली जाते.

दुसरा: लिमिट लाइनएवढंच

प्लॅन १०० चा म्हणून एकूण मॅक्स लिमिट १०० एम. दिसायला बिनचूक, पण ओएनटीचं किंवा राऊटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तर हेडर वगैरे जाऊन टीसीपीला हाती लागतात जेमतेम ९४. तुमची क्यू शंभराची वाट बघत बसते, शंभर कधी येत नाहीत, क्यू कधी भरत नाही. भरते ती पलीकडची, जिच्यावर तुमचा काहीच ताबा नाही. (गिगाबिट पोर्ट असूनही वेग ९४ लाच अडत असेल तर केबल बघा. चार जोड्यांपैकी एखादी तुटली तरी पोर्ट मुकाट्याने शंभरावर उतरू शकतं. क्रिंपिंग परत करा.)

म्हणून लिमिट नेहमी खऱ्या वेगाच्या खाली. गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, लाइन खरोखर काय देते ते वायरवर मोजा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के मॅक्स लिमिट ठेवा. ९४ मिळत असतील तर ८० ते ८५. "दहा एमबीपीएस फुकट गेले" अशी कुरकुर मालक करतातच. त्यांना पिंगच्या खिडक्या दाखवा, आधीची आणि नंतरची. बोलायची गरज पडत नाही.

डाउनलोडचं शेपिंग मुळात थोडं विचित्र असतं. पॅकेट तुमच्या राऊटरपर्यंत पोचलं, म्हणजे लाइनवरची जागा त्याने खाल्लीच. त्याला आता थांबवणं म्हणजे पाहुणे दारात उभे राहिल्यावर "निघू नका" असा निरोप धाडणं. तरी ते चालतं, कारण टीसीपी शहाणा आहे: पॅकेट उशिरा पोचलं किंवा गळलं की पाठवणारा आपला वेग आवरतो. पुढच्या वेळी पाहुणे कमी येतात. पण या निरोपाला वेळ लागतो, म्हणून डाउनलोडला जरा जास्त फट ठेवावी लागते. अपलोड सर्वस्वी तुमच्या हातात असतं, तिथे ९० टक्के बिनधास्त चालतात.

आता माणशी लिमिटचा हिशोब. साठ जणांना ४ एमबीपीएस म्हणजे २४०. लाइन १००. पंचवीस जण एकदम लेक्चर लावून बसले की लाइन संपली, आणि कुणाच्याच वैयक्तिक लिमिटचा भंग झालेला नाही! वर एकूण छत्री नसेल तर प्रत्येक क्यू आपापल्या जागी निर्दोष आणि लाइन तुंबलेली. उपाय म्हणजे पीसीक्यू, जितके जण चालू असतील त्यांच्यात लाइन सारखी वाटणारी क्यू. एकच सिंपल क्यू घ्या, टार्गेट लॅनचा ब्रिज (आतल्या पोर्टांचा गट), मॅक्स लिमिट अपलोड-डाउनलोड दोन्हीकडे ८५ एम, आणि क्यू टाइपला राऊटरमध्ये आधीपासून असलेले पीसीक्यू अपलोड डिफॉल्ट आणि पीसीक्यू डाउनलोड डिफॉल्ट. दहा जण असतील तर साडेआठ-साडेआठ, चाळीस असतील तर दोनला थोडे वर. एकटाच कुणी रात्री बसलेला असेल तर त्याला सगळेच. साठ ओळी लिहायची, नवीन पोरगा आला की एकसष्टावी टाकायची कटकट संपते.

यात एक खाच आहे. पीसीक्यूची डिफॉल्ट साठवण माणशी ५० किबीबाइट आणि सगळ्यांची मिळून २०००. म्हणजे चाळीस जणांपुरतीच. एकावेळी साठ जण वापरत असतील तर एकूणचा आकडा ३००० च्या वर न्या, नाहीतर गर्दीत पॅकेटं उगाच गळतात आणि लोक म्हणतात, "चाळीसपर्यंत ठीक होतं, मग काय झालं?"

सिंपल क्यूंची यादी वरून खाली वाचली जाते हेही ध्यानात ठेवा. सगळ्या लॅनला लागू होणारी ओळ सर्वांत वर असेल, तर तिच्याखालची मालकांच्या कॉम्प्युटरची खास ओळ मेलेली. खास ओळी वर, सरसकट ओळ तळाला. आणि टार्गेटमध्ये वॅन पोर्ट निवडलात तर अपलोड-डाउनलोड उलटे होतात, कारण राऊटर दोन्ही दिशा टार्गेटच्या नजरेने मोजतो.

रांग आहे तिथेच आहे, पण लांब आहे

पॅकेट तुमच्याच क्यूत थांबतायत आणि तरी पिंग चढतंय, तर साठवण मोठी आहे. या दुखण्याला बफरब्लोट हे नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास दिलं. मेमरी स्वस्त झाली, प्रत्येक उपकरणात भल्यामोठ्या साठवणी आल्या, पॅकेट गळेना, पण सेकंदभर ताटकळायला लागलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल मांडलं. त्यात रांग किती लांब आहे ते मोजत नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजतात. ५ मिलिसेकंदांच्या वरचा उशीर १०० मिलिसेकंद टिकला की पॅकेटं गाळायला सुरुवात. त्याला प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग जोडली की एफक्यू-कोडेल, आणि त्याचाच पुढचा अवतार केक, जो २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये आला.

राऊटर-ओएसच्या सातव्या मालिकेत दोन्ही आहेत. क्यू टाइप्समध्ये नवीन प्रकार करा, एफक्यू-कोडेल निवडा, बाकी काही बदलू नका, आणि क्यूला लावा. ऑफिसात, जिथे पंधरा-वीस माणसं आणि दिवसभर कॉल, तिथे मी पीसीक्यूऐवजी हेच लावेन. अभ्यासिकेत पीसीक्यूच, कारण एफक्यू-कोडेल कनेक्शनांत समता ठेवतं, माणसांत नाही. डाउनलोड मॅनेजर लावून सोळा कनेक्शनं उघडणारा एकटा बहाद्दर सोळा वाटे नेतो. केकला माणशी वाटणीही जमते, पण वॅनवर लावाल तर त्यातला एनएटीचा पर्याय चालू करायला विसरू नका, आणि प्रोसेसरवर नजर ठेवा. केक भूक लागलेला प्राणी आहे.

सहाव्या मालिकेवर असाल आणि राऊटरची मेमरी पुरेशी असेल तर अपग्रेड करा. आधी बॅकअप आणि एक्सपोर्ट दोन्ही काढा. कमी मेमरीच्या जुन्या डब्यांवर घाई नको.

बर्स्टबद्दल, म्हणजे थोडा वेळ लिमिटच्या वर जाऊ देण्याबद्दल, दोनच ओळी. मॅक्स लिमिट ४, बर्स्ट लिमिट १०, थ्रेशोल्ड ३ आणि बर्स्ट टाइम २० सेकंद असेल, तर पूर्ण वेगाचा झटका मिळतो ३ गुणिले २० भागिले १०, म्हणजे ६ सेकंद. वीस नव्हे. स्पीड टेस्टचा काटा सुरुवातीला वर उडून मग खाली बसतो तो यामुळे, आणि "लिमिट चालत नाही" ही तक्रारही. थ्रेशोल्ड मॅक्स लिमिटच्या वर ठेवलात तर वेग करवतीसारखा वरखाली होत राहील.

क्यू ठीक, पण काही पॅकेटं दुसऱ्याच दाराने

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत): क्यूचं टार्गेट १९२.१६८ वाली रेंज असेल तर आयपीव्ही६ वरचं काहीही त्या क्यूला दिसत नाही, आणि यूट्यूब, फेसबुकसारख्या जागा आयपीव्ही६ मिळालं की तेच वापरतात. भारतातल्या मोठ्या कंपन्या आता ते सर्रास देतात. काल लाइन बदलली, आज लिमिट गेलं, असं झालं की आधी हे बघा. टार्गेट रेंजऐवजी ब्रिज ठेवला की दोन्ही पकडले जातात. पण एका फोनचे आयपीव्ही६ चे तात्पुरते पत्ते अनेक असतात, त्यामुळे पीसीक्यू त्याला अनेक माणसं समजून अनेक वाटे देते. अभ्यासिकेपुरतं लॅनला आयपीव्ही६ न वाटणं हा सरळ उपाय आहे. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडोत.

बदलते मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता): लीज पक्की करून, म्हणजे त्या मॅकला ठरावीक आयपी बांधून, आयपीवर लिमिट लावलं असेल, तर अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन स्वतःचा खरा मॅक देत नाहीत. नेटवर्क "विसरून" परत जोडलं किंवा फोन रीसेट केला की तो नवा पाहुणा ठरू शकतो, नवा आयपी, लिमिट नाही. पोरांना हे तुमच्याआधी कळतं. माणशी ओळ लिहिण्याऐवजी सगळ्या रेंजवर पीसीक्यू लावायचं हे आणखी एक कारण.

दुसरा वाय-फाय राऊटर: वरच्या मजल्यावर रेंज नाही म्हणून कुणीतरी जुना राऊटर आणून केबल त्याच्या वॅन पोर्टात खुपसतं. त्याच्यामागचे पंधरा जण मायक्रोटिकला एकच आयपी म्हणून दिसतात. मग एका माणसाचा वाटा पंधरा जणांत. खालचा मजला खूश, वरचा मजला तुमच्या नावाने खडे फोडतो. त्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा डीएचसीपी (आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता बदला आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात घाला.

आणि मघाशी नंतरसाठी ठेवलेला मामला: वॅनवर २०-३० एमबीपीएस आणि पिंग चारशे. आधी ओएनटीपाशी जा आणि त्याची केबलं मोजा. मायक्रोटिकला जाणारी एक. दुसऱ्या पोर्टातली पांढरी केबल कुठे जाते? बहुतेक वेळा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरकडे, कारण कॅमेरेवाल्याला जवळचं मोकळं पोर्ट तेच दिसलं. मालक घरून आठही कॅमेरे एकदम बघायला बसले की कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस धरून १६ एमबीपीएस अपलोड चालू होतं, आणि तुमच्या क्यूला त्याचा पत्ताही नसतो. लाइनला अपलोड वीसच असेल तर खेळ खलास. शिवाय ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय चालू असतं आणि पासवर्ड डब्याच्या पोटावर चिकटवलेला. डीव्हीआर मायक्रोटिकमागे आणा, ओएनटीचं वाय-फाय बंद करा. कंपनीचा माणूस ओएनटी बदलून गेला की दोन्ही परत तपासा, कारण नवा डबा वाय-फाय चालू ठेवूनच येतो.

यूट्यूबला वेगळं लिमिट लावायला लेयर-७ चे (पॅकेटच्या आतला मजकूर ओळखणारे) जुने नमुने पेस्ट करणाऱ्यांसाठी: सोडा. तो मॅचर कनेक्शनची पहिली दहा पॅकेटं किंवा २ केबी एवढंच वाचतो, आणि आता सगळं एन्क्रिप्टेड, त्यात क्विक ही नवी एन्क्रिप्टेड पद्धत आली. प्रोसेसर जळतो, हाती काही लागत नाही.

दर महिन्याच्या शेवटी

तक्रार नेमकी २६-२७ तारखेनंतर येते आणि नवं बिल सुरू झालं की आपोआप जाते? मग प्लॅनची बारीक अक्षरं वाचा. अनेक "अनलिमिटेड" प्लॅनांना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यापुढे वेग काही एमबीपीएसवर येतो. ४८० पीचं लेक्चर साधारण १ एमबीपीएस खातं, तासाला ४५० एमबी. दिवसाचे साडेचार तास म्हणजे माणशी दोन जीबी. साठ जणांचे १२० जीबी. ३३०० ला १२० ने भागा: साडेसत्तावीस दिवस. लाइन उतरून ४-५ एमबीपीएसवर आल्यावर तुमची ८५ ची क्यू बिनकामाची, रांग पुन्हा कंपनीकडे.

यावर शेपिंगचा उपाय म्हणजे त्या दिवसांपुरतं मॅक्स लिमिट उतरलेल्या वेगाच्या खाली आणणं. शेड्यूलरने जमतं. पण ४ एमबीपीएसमध्ये साठ जणांचं लेक्चर चालत नाही, कितीही हुशार क्यू असो. खरा इलाज म्हणजे व्यावसायिक प्लॅन, किंवा दुसरी लाइन, किंवा माणशी वेगावर दीड-दोन एमबीपीएसचं छत. त्यासाठी पीसीक्यू रेटमध्ये तो आकडा टाका. छत कमी केलं की व्हिडिओ आपोआप खालच्या दर्जावर येतो आणि महिन्याचा खपही उतरतो.

हे सगळं तपासून झालं, ओएनटीवर दुसरं काही नाही, क्यू रिकामी, वॅनवर वाहतूक कमी, आणि तरी पिंग उडतंय, तर लाइनचाच दोष. टूल्समधलं ग्राफिंग चालू करून ठेवा. वॅनचा दिवसाचा आणि आठवड्याचा आलेख राऊटर स्वतः साठवतो. तक्रार नोंदवताना "नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं तर पलीकडून "राऊटर रीस्टार्ट करून बघा" येणारच. त्याऐवजी तारीख, वेळ, त्या वेळी वॅनवर किती वेग होता आणि पिंग किती होतं ते लिहून पाठवा, आलेखाच्या फोटोसकट. आणि माणूस येईल तेव्हा लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून त्याच्या डोळ्यांसमोर मोजा. मायक्रोटिक मध्ये असला की बोट त्याच्याकडेच जातं.